अनुमोदक बाबालाल

गावाहून,
शनिवार, ता. १४ ऑक्टोबर १९७८

आईच्या जागी असलेल्या सुगरा आपाला धाकट्या बाबालालचा पाया पडून सलाम. (पाया पडणे आणि सलाम करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी कशी करायची हे मला तू समोर असताना कधी जमले नाही. पत्रात जमते, म्हणून पत्र बरे.) तुझे गुडघे आता कसे आहेत? वारणानगरच्या वसाहतीत नळ दाराशी आला आणि तुझे पाणी भरणे एकदाचे सुटले असे बादशहाने मागच्या पत्रात लिहिले होते. वाचून मन निवले. त्याला म्हणावे, तुझ्या साखर कारखान्याच्या नोकरीवर मामा खूश आहे, पण तुझे पत्र चारच ओळींचे का असते? कारखान्यात शाई रेशनवर मिळते का? सूनबाईला दुवा सांग. हे पत्र तू नेहमीसारखे उलटे धरूनच वाचशील. खुशाल वाच. सून हसली तर हसू दे. कागदाची वरची बाजू खाली केल्याशिवाय जिला अक्षर लागत नाही अशी बाई अख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच असशील. त्याचे कारण तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, सुनेला कशाला सांगायचे.

आमच्याकडे सगळे ठीक आहे. गैबी चार वर्षांचा झाला. माझ्या कल्हईच्या भात्यावर बसून तो घोडा घोडा खेळतो, त्यामुळे भात्याचे कातडे दोनदा फाटले आणि घोडा मात्र अजून धडधाकट आहे. दस्तगीर सव्वा वर्षाचा झाला, तीन पावले टाकतो आणि चौथ्याला थोरल्या बहिणीच्या, मेहमुदाच्या, अंगावर पडतो, कारण तीन पावलांच्या पुढे ती कधी जातच नाही. मेहमुदाची भाकरी आता गोल होते. पहिले सहा महिने तिच्या भाकरीला कोपरे असायचे आणि मी कोपऱ्यांपासून खायला सुरुवात करायचो, म्हणजे उरलेली गोल दिसावी. पोरांना माझ्यावर टाकून रोशनबी गेली त्याला चौदा महिने झाले. तू चाळिसाव्यापर्यंत इथे होतीस, त्यानंतरची हकीकत कळवायची राहून गेली, म्हणून आज शाळेच्या वहीचे कागद घेऊन बसलो आहे. बाकी पत्रास कारण विशेष काही नाही.

तू इथे होतीस तेव्हा दुःखात सांगायचे राहिले, पण तुझा भाऊ गावच्या शाळेचा कारभारी झाला आहे. हसू नकोस. अडीच वर्षांपूर्वी तालुक्याहून एक कागद आला की, शाळा ही एकट्या मास्तरांची नव्हे, पालकांचीही आहे. तरी पालकांची समिती नेमावी, तिने शाळा सुधारण्याचा आराखडा करावा आणि इथून पुढे शाळेचे निर्णय पालकांना विचारून घ्यावेत. गाव चकित झाले. तोवर आमच्या गावचा बाप दोनच कारणांनी शाळेची पायरी चढत असे, एक तर मास्तरांनी पोराला मारले म्हणून, नाहीतर पुरेसे मारले नाही म्हणून. आता त्याला विचारणार होते! हेडमास्तर कृष्णात गुरुजींनी (दोन मास्तरांच्या शाळेत जो वयाने मोठा तो हेडमास्तर) सभा बोलावली. सभेला अकरा पालक लागतात आणि आले होते दहा. मी त्या वेळी शाळेसमोरच्या लिंबाखाली शाळेच्याच पाण्याच्या घागरीला कल्हई करत बसलो होतो. गुरुजी बाहेर आले, इकडेतिकडे पाहिले आणि मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की तशी माझी कुठली घागरही उजळली नसेल. "बाबालाल, पोरगी दुसरीत हाय न्हवं तुमची? मग तुमीबी पालकच की. चला आत." मी नवसागराच्या वासासकट आत गेलो. समितीच्या बुकात माझी सही आहे, आणि सहीखाली काळा अंगठाही आहे. तो मी उमटवलेला नाही, हात काळा असल्यामुळे उमटला. त्यामुळे पुढे तपासायला आलेल्या एका साहेबांना मी अंगठेबहाद्दर आहे की साक्षर हे ठरवता आले नाही, आणि त्यांनी माझ्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. ते अजून तिथेच आहे.

आता मी त्या समितीत कोण, तर अनुमोदक. म्हणजे असे की ठराव जो मांडतो तो सूचक, आणि 'बरोबर आहे' म्हणून जो मान डोलावतो तो अनुमोदक. दोघांच्या सह्या झाल्या की ठराव पास. हे इतर गावांत सोपे असेल. आमच्याकडे वरल्या गल्लीच्या माणसाने ठराव मांडला तर खालल्या गल्लीचा त्याला अनुमोदन देत नाही, मग ठराव सूर्य पूर्वेला उगवतो असा का असेना. आणि वरल्याने मांडून वरल्यानेच अनुमोदन दिले, तर खालली गल्ली पटके सावरत उठून जाते. पहिल्या सभेत शाळेच्या कौलांचा ठराव दुपारपर्यंत असाच अधांतरी राहिला. शेवटी अध्यक्ष आकाराम तात्या (दूध डेअरीचे चेअरमन, आवाज असा की डेअरीत बोलले तर म्हशी गोठ्यात पान्हा चोरतात) यांची नजर माझ्यावर पडली. माझे घर गावाबाहेर दर्ग्याच्या वाटेला. मला भावकी नाही, शेत नाही, त्यामुळे बांध नाही, त्यामुळे भांडण नाही. "ह्यो बघा!" तात्या आनंदाने ओरडले. "ह्यो कुनाचाच न्हाय! ह्योच आपला अनुमोदक!" दोन्ही गल्ल्यांनी माना हलवल्या. गावात दोन्ही गल्ल्यांचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, असे गुरुजी म्हणाले. मला आधी थोडे लागले, पण मग मान कुणाला नको असतो?

तेव्हापासून एकतीस ठराव झाले आणि एकतीसही ठरावांना माझे अनुमोदन आहे. शाळेच्या भिंतीवर एक मोठा फळा रंगवून लावला आहे, 'शाळा सुधार आराखडा', त्यात कामे लिहिली आहेत आणि खाली सभासदांची नावे, सगळ्यांत शेवटी मी. आराखड्यातले पूर्ण झालेले काम म्हणजे तो फळा. मुलींची मुतारी ठरावात तीन वेळा बांधून झाली आहे, जागेवर अजून वीट नाही. पोरांना सुकडी येते ती चांगली आहे का हे पालकांनी पाहावे असा एक ठराव झाला, आणि चव पाहायला रोज दोन पालकांची पाळी लागली. पालक इतक्या मनापासून चव पाहू लागले, की चौथ्या दिवशी पोरांना सांगावे लागले, सुकडी उत्तम आहे पण संपली. या ठरावालाही अनुमोदन माझेच. (आणि दुसऱ्या दिवशी पाळीही माझीच होती. मी एकच वाटी खाल्ली, दुसरी मेहमुदासाठी रुमालात आणली.) बाजारात लोक मला 'अनुमोदक' म्हणून हाक मारू लागले. रोशनबीला तर खेळच सापडला. आज कालवण कशाचे करायचे हे ती मांडायची आणि मोठ्याने विचारायची, अनुमोदक घरात आहेत काय? मी भाता सोडून हात वर करायचो. आमच्या घराचे असे चालले होते, आपा. सूचक ती, अनुमोदक मी. आता घरात मांडणारे कुणी राहिले नाही आणि मला आपल्या मनाने काही मांडायची सवय नाही. माझे काय बिघडले आहे ते एवढेच आहे.

मध्ये एक गोष्ट सांगायची राहिली. समितीच्या पहिल्या वर्षी तालुक्याचे साहेब आले होते. त्यांनी पालकांना ओळीने उभे केले (आयुष्यात पहिल्यांदाच बाप रांगेत आणि पोरे बसलेली) आणि एकेकाला विचारले, तुमचे मूल कितवीत आहे? काय फजिती झाली म्हणून सांगू. एकजण म्हणाला, त्याच्या वरची दोन शिकत्यात, म्हणजे हे तिसरीत असेल. दुसऱ्याने हाताने उंची दाखवली. खुद्द आकाराम तात्यांनी कुठल्या म्हशीच्या वेळी पोरगा झाला त्यावरून हिशेब धरला आणि तो एका रेड्यापाशी चुकला. माझी पाळी आली तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, मेहमुदा, दुसरी, पहिला नंबर, पाढे एकोणतीसपर्यंत. साहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले, पालक असा पाहिजे. हे वाक्य मी घरी येऊन रोशनबीला तीन वेळा ऐकवले. चौथ्या वेळी तिने कानावर हात ठेवले. आज ते वाक्य आठवले की माझ्याच कानावर हात ठेवावेसे वाटतात.

कारण मेहमुदा शाळेत जात नाही. हे तुला आजवर कुणी कळवले नाही, मीही कळवले नाही. मी तिला शाळेतून काढले नाही, आपा, हे मी स्वतःला शंभरदा सांगितले आहे. मी फक्त म्हणालो, उद्याचा दिवस थांब, वडगावचा बाजार आहे, मला जावे लागेल, दस्तगीरला कोण बघणार? ती थांबली. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीरला ताप होता. मग कुणाच्या तरी लग्नाची भांडी उजळायला होती. मी दर वेळी एकच दिवस मागितला आणि तिने दर वेळी एकच दिवस दिला. असे वर्ष उलटले. कृष्णात गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा मी चहा दिला आणि पुढच्या आठवड्यापासून पाठवतो म्हणालो. त्यांनी तिचे नाव पटावरून काढले नाही. रोज हाक मारायचे, रोज गैरहजर लिहायचे. तिच्या वर्गातल्या पोरी मला सांगायच्या, काका, आजपण मेहमुदाचं नाव घेतलं. मला त्याचा आधार वाटायचा. नाव आहे म्हणजे पोरगी शाळेतच आहे, फक्त आज आली नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

रमजान ईद झाल्यावर समितीची सभा भरली. तालुक्याहून नवा कागद होता की ज्या शाळेची हजेरी सगळ्यांत चांगली, तिचा सत्कार होणार. आमची हजेरी बेताची. गुरुजी फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, आराखड्यात पहिलेच काम लिहिले आहे, गैरहजर मुलांना शाळेत आणणे, तर आपण दोघे-दोघे मिळून घरोघर जाऊ. सगळे खाली पाहू लागले. तेव्हा आकाराम तात्या म्हणाले, "आनायचं कशाला? जी येत न्हाईत त्यांची नावंच कमी करा. हजेरी आपसूक वाढती." आपा, सभा गार पडली. एवढी सोपी गोष्ट इतके दिवस कुणाला कशी सुचली नाही म्हणून लोक एकमेकांकडे पाहू लागले. खोटे कशाला बोलू, मलाही ती हुशारीची वाटली. माझ्या मनात धनगरांची पोरे होती, मेंढरांमागे सहा महिने परमुलखात असतात, त्यांची नावे ठेवून तरी काय उपयोग, असे वाटले. तात्यांनी विचारले, अनुमोदक? आणि पाहतो तर माझा हात आधीच वर होता. हाताला सवय झाली आहे, तो आता मला विचारत नाही.

मग गुरुजींनी नावे वाचली. सात होती. पहिली दोन पिराजी धनगराची पोरे. पिराजी त्या दिवशी नेमका सभेत होता, दाराजवळ घोंगड्यावर उकिडवा बसला होता. तो घोंगड्याचा एक धागा ओढत राहिला. मग धोंडुबाईची नात. मग आणखी एक. पाचव्या नावाला गुरुजी थांबले, चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा घातला. मेहमुदा बाबालाल कलाईगार. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तात्या मनाने वाईट नाहीत, लगेच म्हणाले, "ह्ये नाव ऱ्हाऊ द्या गुरुजी. अनुमोदकाची पोरगी हाय ती." तेवढ्यात पिराजीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, नुसते पाहिले. त्याची दोन गेली आणि माझे एक राहणार होते. मी उठलो. अडीच वर्षांत मी सभेत कधी बोललो नव्हतो, फक्त हात वर केला होता. मी म्हणालो, "नियम समद्यांस्नी सारखा. माझं अनुमोदन कायम हाय." आपा, टाळ्या वाजल्या. वरली गल्ली, खालली गल्ली, सगळ्यांनी वाजवल्या. आणि तुला म्हणून सांगतो, मी न्यायासाठी बोललो नाही. पिराजीचे निमित्त झाले. मला पुन्हा एकदा 'पालक असा पाहिजे' ऐकायचे होते.

टाळ्या न वाजवणारी एकटी बायडाबाई. (समितीत एक बाई पाहिजे असे तालुक्याच्या कागदात होते म्हणून तिला घेतली आहे. तिला बाकावर जागा नाही, ती दाराबाहेरच्या पायरीवर बसते आणि पायरीवरूनच बोलते.) ती म्हणाली, "पोरं का येत न्हाईत, त्ये इचारलं का रं कुनी? आनि ह्यो बाप बघा. पोरीचं नाव कापतोय आनि टाळ्या घेतोय." तिचे बोलणे बुकात लिहिले गेले नाही, कारण ठरावाच्या बुकात विरोधाला रकानाच नाही. दुसऱ्या दिवशी ती परात उजळायला घेऊन आली आणि परात पुढे सारत म्हणाली, "अनुमोदन माघारी घेता येत न्हाय व्हय रं?" मी परात भट्टीवर धरली. मेहमुदाचे एकटीचे नाव ठेवा असे नव्हे, सगळा ठरावच नको, सातही नावे राहू देत, असे म्हणता आले असते. पिराजीलाही मान वर करून बसता आले असते. एकतीस ठरावांत नाही म्हणता येते हे मला एकदाही सुचले नव्हते. परातीला कल्हई नीट बसली नाही, दोनदा करावी लागली.

सभेहून घरी आलो तेव्हा मेहमुदा दस्तगीरला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. मी सांगितले, तुझे नाव कमी झाले. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बरं झालं अब्बा. मला शाळा आवडतच नव्हती." आणि विचारले, आमटीला चिंच घालू का. मी लगेच विश्वास ठेवला. मला तो ठेवणे सोयीचे होते. पण तिची पाटी खुंटीवरून कधी खाली आली नाही, आपा, आणि तिच्यावर धूळही कधी बसलेली दिसत नाही. आणखी एक. उजळायला आलेली भांडी मी अंगणात ओळीने मांडून जातो. परवा बाजारातून लवकर परतलो तर ही त्या भांड्यांची हजेरी घेत होती. भांड्यांवर नावे असतात ना, ती एकेक वाचायची, आणि प्रत्येक नावाला गैबी ओरडायचा, हजर! त्यात निम्मी नावे गेलेल्या माणसांची, त्यांच्या आठवणीसाठी घातलेली. तीही सगळी हजर होती. मी कुंपणाआडच थांबलो आणि बराच वेळ विडी शोधत असल्यासारखे केले.

पुढचे ऐक. सात नावे गेली, हजेरी फुगली, साहेब आले, आमच्या शाळेचा सत्कार झाला. माझ्याही गळ्यात झेंडूचा हार पडला. शाळेला पाण्यासाठी पितळी हंडा मिळाला आणि त्यावर 'आदर्श हजेरी, पालक समिती' अशी अक्षरे घालायचे काम अर्थात माझ्याकडे आले. तुला माहीत आहे, मी छिन्नी चालवतो पण माझे अक्षर म्हणजे मेलेले मुंगळे. गेली तीन वर्षे भांड्यावर खडूने मेहमुदा लिहिते आणि मी तिच्या रेघेवरून छिन्नी नेतो. अर्ध्या गावाची भांडी तिच्या अक्षराची आहेत. मी हंडा तिच्यासमोर ठेवला आणि काय लिहायचे ते सांगितले. तिने हंडा फिरवून पाहिला, आणि विचारले, "अब्बा, अक्षर थोडं मोठं काढू? पहिलीच्या पोरांना लांबून वाचता आलं पाहिजे." काढले मोठे. सुरेख काढले. मी छिन्नी लावली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझी छिन्नी घसरली. तो ओरखडा हंड्यावर आहे, पाणी प्यायला वाकणाऱ्या प्रत्येक पोराला दिसतो. हंडा पोचवला तेव्हा गुरुजींनी अक्षर ओळखले. अक्षरावरून बोट फिरवत म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी तिला आणून बसवा, मी चौथीत नाव पुन्हा घालतो, राहिलेले शिकवतो. त्या दिवसानंतर मात्र या वर्षीची परीक्षा गेली, आणि एकदा वर्ष गेले की मुली परत येत नाहीत, हे मी वीस वर्षे बघतोय, असे म्हणाले. मी म्हणालो, बघतो. म्हणजे माझा हात वर झाला, पण कशाला ते मलाच कळले नाही.

आपा, तुझे नाव पटावरून कुणी कमी केले? मी खूप आठवून पाहिले. मला आठवणार कसे, मी एक वर्षाचा होतो आणि तुझ्या कमरेवर होतो. तू तिसरीत होतीस एवढे अब्बा सांगायचे. अम्मी गेली आणि तू एक दिवस थांबलीस. तुलाही कुणी तरी एकच दिवस मागितला असेल. पुढे मी शाळेत जायला लागलो तेव्हा तुझीच पाटी मला मिळाली (ती मी दुसरीत फोडली). मी चुलीच्या या बाजूला पुस्तक उघडून बसायचो, तू त्या बाजूला भाकऱ्या थापायचीस, आणि समोरून, उलट्या बाजूने, माझ्याबरोबर वाचायचीस. मी अडलो की तू पलीकडून शब्द सांगायचीस. मला वाटायचे, सगळ्यांच्या बहिणींना येते. मी चौथीत असताना तुझे लग्न झाले आणि मी अडलेल्या शब्दावर तसाच बसून राहायचो. तू कागद उलटा धरून का वाचतेस हे लोकांना गमतीचे वाटते. मीच कितीदा चारचौघांत ती गंमत सांगितली आहे. आज लिहिताना हात थांबतो.

तर असा मी इथे हार गळ्यात घालून मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. गुडघ्यांना तिळाचे तेल कोमट करून लाव. एवढे वाचून संपवलेस तरी तुझ्या डोळ्यांचे उपकार.

तुझा धाकटा,
बाबालाल

ता. क. बकरी ईद यंदा दिवाळीच्या मागोमाग येते आहे. ईदीला दोन दिवस इकडे आलीस तर पोरांना बरे वाटेल. येताना काही आणू नकोस. वारणानगरात चांगली कथलाची कांडी मिळते म्हणतात, तेवढी एक आणलीस तर बघ, नाही तर राहू दे.

दुसरा ता. क. कथलाचे मी उगीच लिहिले, कथील वडगावात मिळते. दोन दिवसांचेही खोटेच लिहिले. आपा, शाळा उघडायच्या आधी ये आणि मेहमुदाची वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहा. दस्तगीरला सांभाळ. मी काय मागतो आहे ते मला समजते. तुझ्या दाराशी आत्ता कुठे नळ आला आहे, सून हाताखाली आहे, गुडघे दुखतात. एकदा तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, आता माझ्या पोरीच्या शाळेसाठी घर सोड म्हणतो. दुसऱ्यांदा मागताना लाज वाटते, म्हणून एवढी पाने इकडच्या तिकडच्या गोष्टींत घालवली. जन्मात पहिल्यांदा मी स्वतः ठराव मांडतो आहे. त्याला अनुमोदक नाही. तू नाही म्हणालीस तर तुझ्यासाठी रकाना आहे, मी माझ्या हाताने आखतो.

तिसरा ता. क. लखोट्यावर पत्ता मेहमुदाच्या हातून लिहून घेतो, माझे अक्षर पोस्टमनला लागत नाही. डिंक लावून पेटीत टाकायलाही तिलाच सांगून मी वडगावला निघालो आहे. आतले वाचू नकोस म्हणून बजावले आहे. ती माझे सगळे ऐकते.

सुगरा आत्तीला मेहमुदाचा सलाम. अब्बा गेले. मी वाचलं. पहिल्यांदाच ऐकलं नाही त्यांचं. हे मी मुद्दाम शेवटच्या पानाच्या अगदी खाली लिहिते, कारण तू कागद उलटा धरलास की माझ्या ओळी सगळ्यांत वर येतील. आत्ती, मला शाळा आवडते. अब्बांना म्हटलं ते खोटं होतं. ते तेव्हा दारातच उभे होते, चप्पल पण काढली नव्हती, म्हणून तसं म्हटलं. त्यांना हे सांगू नको, पत्रातही लिहू नको, तुमचं पत्र आलं की ते मोठ्यानं वाचतात. दस्तगीर नव्या माणसाकडे जात नाही, रडतो, पण दोन दिवसांनी गप्प होतो, मी गैबीच्या वेळी पाहिलं आहे. भाकऱ्या मी सकाळी शाळेच्या आधी करून जाईन. तुझे गुडघे दुखतात तर तू बसूनच राहा. नुसती ये.